बोल्ट मोडतो तो कोपऱ्यातून

चाप ओढला की गोळी पुढे जाते, एवढं सगळ्यांनाच माहीत असतं. पण काडतुसातली दारू पेटली की वायूचा जो दाब गोळीला पुढे ढकलतो, तोच दाब काडतुसाच्या बुडावरही पडतो आणि त्याला मागे रेटतो. त्या बुडामागे पाय रोवून उभा असतो तो बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा पोलादी दट्ट्या. अमेरिकी सैन्याच्या एम-16 जातीच्या रायफलींमधल्या 5.56 मिलिमीटर काडतुसात हा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे 3,700 पटींवर जातो, आणि तेही सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत. काडतुसाचं बूड बोटाच्या नखाएवढं, तरी त्यावर येणारा रेटा दोन टनांच्या आसपास भरतो. थोडा भार काडतुसाची पितळी भिंत नळीला घट्ट चिकटून सोसते. बाकीचा बोल्टवर.

युजीन स्टोनर यांनी रचलेल्या या बोल्टच्या तोंडाशी वर्तुळात मांडलेले दात असतात. बोल्ट 22.5 अंशांत फिरला की हे दात नळीमागच्या खाचांत अडकतात आणि कुलूप लागतं. दातांच्या जागा आठ, पण दात सातच. आठव्या जागेवर रिकामं काडतूस ओढून काढणारी नखी, म्हणजे एक्स्ट्रॅक्टर, बसवलेली असते. या एका गाळलेल्या दाताची किंमत तिच्या दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना मोजावी लागते. वर्तुळाचा आधार तिथे तुटतो, नखीसाठी धातू कोरून काढलेला असतो, आणि त्या दोन दातांच्या मुळाशी ताण साठतो. बोल्ट मोडल्याच्या तक्रारी पाहिल्या तर तडा बहुतेकदा या दातांच्या मुळाशी तरी सापडतो, नाहीतर मधल्या आडव्या पिनच्या भोकापाशी.

एकाच गोळीने चांगला बोल्ट मोडत नाही. तो हजारो गोळ्यांनी शिणतो. तार एकदा वाकवली तर काही होत नाही, पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तोच हा प्रकार. फक्त इथे वाक डोळ्यांना दिसत नाही. धातूच्या या शिणवट्याचा धडा रेल्वेने फार महागात घेतला. 1842 मध्ये फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ इंजिनाचा आस मोडून भीषण अपघात झाला, पन्नासहून अधिक माणसं गेली. पुढे जर्मनीत ऑगस्ट व्योलर यांनी रेल्वेचे आस वर्षानुवर्षं फिरवून, लादून, मोडून पाहिले. पोलादावरचा ताण एका ठरावीक पातळीखाली राहिला तर ते जवळपास कितीही फेरे सोसतं, त्या पातळीच्या वर गेला की फेरे मोजकेच उरतात, हे त्यांनी दाखवून दिलं. बोल्ट टिकवायचा म्हणजे त्याच्या नाजूक जागांवरचा ताण त्या पातळीकडे खाली आणायचा. सगळा खटाटोप त्यासाठीच आहे.

मग आणखी कडक पोलाद का वापरू नये? हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, आणि त्याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वीच मिळालेलं आहे. अमेरिकेच्या स्प्रिंगफील्ड शस्त्रशाळेत 1903 च्या नमुन्याची रायफल बनत असे. भट्टीतलं पोलाद किती तापलं हे अनुभवी कारागीर रंगावरून, नुसत्या डोळ्यांनी ठरवत. 1917 मध्ये काही रायफली फुटल्या आणि चौकशी झाली. तेव्हा कळलं की लख्ख उन्हाच्या दिवशी तोच रंग दिसायला पोलाद ढगाळ दिवसापेक्षा 300 अंश फॅरनहाइटपर्यंत जास्त तापत होतं. कारागीर आपल्या कामात वाकबगार होते. त्यांच्या डोळ्यांना फसवलं ते खिडकीतल्या उजेडाने. जादा तापलेलं पोलाद जळून काचेसारखं ठिसूळ होई. 1918 मध्ये, सुमारे 8,00,000 क्रमांकाच्या पुढच्या रायफलींपासून, तापमापक यंत्रं आणि दुहेरी उष्णता-प्रक्रिया आली. कडकपणा आणि चिवटपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली वाढवताना दुसरी सहज हातची जाते.

म्हणून आजच्या बोल्टमध्ये दोन्ही गुण वेगवेगळ्या थरांत ठेवलेले असतात. एम-16 च्या बोल्टसाठी ठरवलेलं पोलाद म्हणजे कार्पेंटर 158. मुळात त्यात कार्बन कमी. घडवलेला बोल्ट कार्बनयुक्त वातावरणात नऊशे अंश सेल्सियसच्या आसपास तापवला की कार्बन पृष्ठभागातून आत झिरपतो. नंतर पाणी दिलं, म्हणजे झटकन थंड केलं, की बाहेरची साल कडक होते आणि गाभा चिवट राहतो. शिवाय कडक होताना साल किंचित फुगू पाहते, गाभा तिला फुगू देत नाही, आणि ती कायमची दाबाखाली राहते. ही दाबाची गोष्ट फार मोलाची आहे. तडा उघडायला ओढ लागते. दाबलेल्या पृष्ठभागावर आधी तो दाब संपवावा लागतो, मगच ओढ सुरू होते.

हाच दाब मुद्दाम वाढवायची रीत म्हणजे शॉट पीनिंग. पोलादाचे बारीक गोल छर्रे बोल्टवर जोरात फवारतात. प्रत्येक छर्रा एक इवलासा खळगा पाडतो. खळग्याखालचा धातू पसरू बघतो, शेजारचा त्याला अडवतो. असे हजारो खळगे एकमेकांवर पडले की पृष्ठभागाखाली दाबलेल्या धातूची अखंड चादर तयार होते. असा बोल्ट भिंगाखाली धरला तर दातांच्या मुळाशी मंद, दाणेदार कातडी दिसते. चकचकीत पॉलिश केलेला बोल्ट देखणा असेल, पण शिणवट्यापुढे मी या दाणेदार कातडीवर जास्त भरवसा ठेवीन. मारा किती जोराचा झाला हे मोजायला पोलादाची पातळ पट्टी एका बाजूने छर्ऱ्यांखाली धरतात आणि ती किती कमानीसारखी वाकली ते पाहतात. जॉन आल्मेन यांची ही युक्ती आजही तशीच चालते.

आकाराचं गणित याहून जुनं. ताणलेल्या पत्र्यातल्या साध्या गोल भोकाच्या कडेला ताण तिप्पट होतो, आणि भोक जितकं टोकदार तितका तो वाढत जातो, हे चार्ल्स इंग्लिस यांनी 1913 मध्ये दाखवलं. बोल्टमधलं पिनचं भोक तर त्याची निम्म्याहून अधिक रुंदी खाऊन टाकतं. दाताच्या मुळाशी काटकोनी कोपरा ठेवला की तिथेच तडा जन्म घेतो. त्याला थोडी गोलाई दिली की ताण पसरतो. नाइट्स आर्मामेंट या अमेरिकी शस्त्र कंपनीच्या ई3 बोल्टचे दात याच कारणासाठी गोलसर आहेत. माझ्या मते महागड्या पोलादाआधी लक्ष जायला हवं ते या गोलाईकडे.

दात सारखे टेकणंही तितकंच महत्त्वाचं. एखादा दात केसाच्या जाडीच्या अंशानेही मागे राहिला तर त्याचा वाटा बाकीचे उचलतात. आणि कुलूप उघडण्याची वेळ. गोळीमागचा थोडा वायू नळीतल्या छिद्रातून मागे आणला जातो, आणि त्याच्या जोरावर ती मधली आडवी पिन बोल्टला फिरवून कुलूप उघडते. एम-4 ही एम-16 चीच आखूड आवृत्ती; तिची नळी 20 ऐवजी 14.5 इंचांची, आणि वायू घेण्याचं छिद्र काडतुसाच्या जास्त जवळ. त्यामुळे वायू जास्त जोरात आणि लवकर येतो, नळीतला दाब पुरता ओसरण्याआधीच पिन बोल्टला फिरवू लागते. अजून घट्ट रुतलेले दात फिरताना बोल्ट पिळला जातो. वायू नेणारी नळी लांबवली, म्हणजे छिद्र पुढे सरकवलं, तर तोच बोल्ट तीच गोळी जास्त काळ सोसतो.

विद्युत मुलाम्याबाबत सावध राहावं लागतं. त्या प्रक्रियेत हायड्रोजन कडक पोलादात शिरतो आणि त्याला ठिसूळ करतो, म्हणून मुलामा दिल्यावर लगेच काही तास भाजून तो बाहेर काढतात.

सैन्यासाठीच्या बोल्टची अखेरची परीक्षा मला सगळ्यात सुंदर वाटते. आधी नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस उडवतात. मग बोल्टला चुंबकत्व देऊन त्यावर अतिनील उजेडात चमकणारे लोहकण मिसळलेलं तेल सोडतात. तडा असेल तिथे चुंबकीय रेषा बाहेर फुटतात आणि कण तिथेच गोळा होतात. अतिनील दिव्याखाली काळ्या बोल्टवर हिरवट केसासारखी एक रेघ उजळून निघते. रेषांना समांतर असलेला तडा मात्र लपून राहतो, म्हणून चुंबकत्व दोन दिशांनी द्यावं लागतं. तावूनसुलाखून निघालेल्या बोल्टवर ‘एमपी’ (मॅग्नेटिक पार्टिकल, म्हणजे चुंबकीय कण) अशी खूण उमटवतात. पण त्याआधी त्यातलं चुंबकत्व काढून टाकतात, नाहीतर घासून निघालेला लोखंडाचा बारीक कीस दातांच्या मुळाशी चिकटून बसेल आणि पुढच्या प्रत्येक गोळीला तिथेच रगडला जाईल.