लोला आणि कोकोलोपोरी: दोन्हींना 'अभयारण्य' म्हणण्याआधी

बोनोबो म्हणजे चिंपांझीच्या जवळच्या नात्यातले वानर. त्यांच्याविषयी मराठीत काही वाचायला घेतलं की 'अभयारण्य' हा शब्द हमखास भेटतो. किन्शासाजवळचं 'लोला या बोनोबो' हे अभयारण्य आणि कोकोलोपोरी हेही अभयारण्यच. दोन्ही काँगो लोकशाही प्रजासत्ताकात, आणि बोनोबो निसर्गात फक्त त्याच देशात आढळतात. त्यामुळे दोन्हीकडे एकच काम चालतं असा समज होतो. तो खोडून काढायलाच हवा.

लोला म्हणजे अनाथालय. मांसासाठी आईला मारतात आणि तिला बिलगलेलं पिल्लू जिवंत विकतात. जप्त झालेली अशी पिल्लं क्लोदीन आंद्रे यांनी १९९४ पासून सांभाळायला घेतली. २००२ पासून हे काम किन्शासाच्या वेशीवर, लुकाया नदीकाठच्या सुमारे ३० हेक्टर रानात चालतं. पुष्कळ पिल्लांच्या कमरेवर दोरी काचल्याचे वळ असतात. दुधाइतकीच त्यांना कुशीची गरज असते, म्हणून त्यांना सांभाळायला बायका नेमल्या आहेत. त्यांना सगळे 'मामाँ' म्हणतात. पिल्लू मामाँच्या हातून बाटलीनं दूध पितं आणि तिच्या अंगाखांद्यावरच वाढतं.

कोकोलोपोरीत बाटली नाही, कुंपणही नाही. त्शुआपा प्रांतातलं हे ४,७८५ चौरस किलोमीटरचं वर्षावन. त्यात गावं आहेत, शेती आहे. २००९ मध्ये त्याला सरकारी मान्यता मिळाली, पण राखण स्थानिक लोकांचीच. इथल्या मोंगांडू लोकांच्या जुन्या कथांत बोनोबो नातलग आहेत, म्हणून त्यांचं मांस निषिद्ध. आपल्याकडे देवराईत कुऱ्हाड चालवत नाहीत, तसाच हा धाक. १९९६ नंतरच्या युद्धांत बंदुका आल्या, उपासमार आली आणि रीत सैल झाली. ती पुन्हा उभी करण्यासाठी याच मुलखातले अल्बेर लोताना लोकासोला यांनी 'व्ही सोवाज' ही संस्था काढली. बाहेरच्यांनी येऊन सांगितलं असतं तर लोकांनी किती ऐकलं असतं, मला शंकाच आहे.

गावातलीच माणसं इथे बोनोबोंच्या मागावर असतात. संध्याकाळी बोनोबो फांद्या वाकवून झाडावर निजायची घरटी करतात. कोणता गट कुठे निजला ते पाहून माणसं परततात आणि उजाडायच्या आत, काळोखातच, पुन्हा त्या झाडाखाली पोहोचतात. उशीर झाला तर गट निघून जातो आणि सारा दिवस शोधण्यात जातो. हे रान राखलं गेलं म्हणून अभ्यासही झाला: वेगवेगळ्या गटांतले बोनोबो एकमेकांना खाऊ देतात, एकमेकांचे केस विंचरतात, हे कोकोलोपोरीतूनच २०२३ मध्ये जगापुढे आलं.

म्हणून मी लोलाला अनाथालय म्हणेन आणि कोकोलोपोरीला गावानं राखलेलं रान. बोनोबोची मादी एका पिल्लानंतर पुढचं चार-पाच वर्षांनी देते. एक आई मारली गेली की ती तूट कितीही मायेनं भरून निघत नाही. ती आई जिवंत राहायची असेल तर कोकोलोपोरीसारखीच राखण हवी.

लोलाची वाटही शेवटी गावाशीच येते. वाढलेल्या अनाथांना २००९ मध्ये पहिल्यांदा मोकळ्या रानात सोडलं, ते बासांकुसूजवळच्या 'एकोलो या बोनोबो'त. ते रान इलोंगा-पो लोकांचं. आधी त्यांचा होकार घेतला, मगच बोनोबो नेले.