एक पत्ता, घरभर संगणक

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, तेव्हा एक फोन, एक मोडेम (संगणकाला फोनच्या तारेवरून इंटरनेटशी जोडणारं यंत्र), एक संगणक हाच हिशेब होता. नंबर लागला की एक आयपी पत्ता (इंटरनेटवर संगणक ओळखायचा क्रमांक) मिळायचा, जोडणी तुटली की जायचा. घरातल्या दुसऱ्या संगणकाचा विचार त्यात कुठेच नव्हता.

मुळात पत्तेच मोजके. आयपीची चौथी आवृत्ती ३२ बिटांची, म्हणजे सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी पत्ते. ते पुरणार नाहीत हे लवकरच दिसू लागलं आणि मे १९९४ मध्ये एगेवांग व फ्रान्सिस यांनी आरएफसी १६३१ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांची मालिका) नॅटची, म्हणजे वाटेत पत्ता बदलण्याची, कल्पना मांडली, तीही कायमचा उपाय निघेपर्यंतची सोय म्हणून. आतल्या यंत्रांना खासगी पत्ते द्यायचे आणि बाहेर जाताना सगळ्यांच्या पाकिटांवर (माहितीच्या तुकड्यांवर) एकच सार्वजनिक पत्ता घालायचा. कुठल्या यंत्राने कुठल्या पोर्टवरून (म्हणजे संवादाच्या कुठल्या क्रमांकावरून) काय मागितलं याची नोंद ठेवली की उत्तर बरोबर त्याच यंत्राकडे परत जातं. १९२.१६८ ने सुरू होणारे ओळखीचे पत्ते फेब्रुवारी १९९६ च्या आरएफसी १९१८ प्रमाणे अशाच खासगी वापरासाठी राखीव आहेत.

घरापर्यंत ही सोय पोहोचली ती १९९९ च्या विंडोज ९८ सेकंड एडिशनमधल्या ‘इंटरनेट कनेक्शन शेअरिंग’मुळे. एका संगणकात मोडेम आणि नेटवर्क कार्ड, दुसऱ्यात फक्त नेटवर्क कार्ड, आणि मध्ये क्रॉसओव्हर केबल: एका टोकाच्या १ व २ क्रमांकाच्या तारा दुसऱ्या टोकाला ३ व ६ वर. साधी सरळ केबल लावली तर कार्डावरचा दिवाही पेटत नसे. तिसरा संगणक आला की हब, म्हणजे अनेक तारा एकत्र जोडणारा डबा, घ्यावा लागे. मोडेमवाला संगणक १९२.१६८.०.१ हा पत्ता स्वतःकडे घेऊन बाकीच्यांना पत्ते वाटायचा. तो बंद केला की सगळ्यांचंच इंटरनेट बंद.

मुंबई-पुण्यात पुढचा टप्पा केबलवाल्याचा. गच्चीवरून गच्चीवर टाकलेली कॅट-५ केबल, इमारतीत एक स्विच (हबसारखाच तारा जोडणारा डबा), तिथून घरोघरी तारा. दोन टोकांत १०० मीटरच्या वर अंतर गेलं की जोडणीचा भरवसा नाही. ग्राहकाचं खातं बऱ्याचदा नेटवर्क कार्डाच्या मॅक पत्त्याला (कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक) बांधलेलं असे, त्यामुळे राउटर (एक जोडणी अनेक संगणकांना वाटणारा डबा) लावला की लॉगिनच होत नसे. उपाय सोपा होता: राउटरमधल्या ‘मॅक क्लोन’ने जुन्या संगणकाचा पत्ता राउटरला द्यायचा. खरा गोंधळ व्हायचा तो केबलवाल्याची तार राउटरच्या वॅन पोर्टऐवजी (बाहेरच्या तारेचं भोक) लॅन पोर्टमध्ये (घरातल्या संगणकांचं भोक) खोचली की. मग हा राउटर शेजाऱ्यांच्या संगणकांनाही पत्ते वाटू लागे आणि अख्ख्या इमारतीचं नेट अडखळे. विंडोजमध्ये चुकीचं कार्ड शेअर केलं तरी तेच. अशा वेळी शिव्या मात्र केबलवाल्यालाच पडत.

जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएल आणि एमटीएनएलने २५६ केबीपीएसपासून ब्रॉडबँड आणलं. एडीएसएल मोडेम (फोनच्याच तारेवरून ब्रॉडबँड देणारा) अनेकदा ब्रिज मोडमध्ये बसवून दिलेला असे. मोडेम नुसता पूल, लॉगिन संगणकावरून, म्हणून एका वेळी एकच संगणक चाले. गंमत म्हणजे यातल्या बऱ्याच मोडेममध्ये राउटर आधीपासूनच दडलेला होता. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडायचं, ब्रिजऐवजी पीपीपीओई (नाव-पासवर्डने लॉगिन करायची पद्धत) निवडायचं, व्हीपीआय ० व व्हीसीआय ३५ हे फोनलाइनवरच्या मार्गाचे क्रमांक (बीएसएनएलसाठी) तपासायचे, नाव-पासवर्ड मोडेममध्येच भरायचं, नॅट आणि डीएचसीपी (संगणकांना आपोआप पत्ते वाटणारी सोय) चालू करायचं, सेव्ह करून रीबूट. मग एका लॅन पोर्टाला स्विच जोडला की काम झालं. संगणकावरचं जुनं डायलर (लॉगिनची जोडणी) काढायला मात्र विसरू नये.

यानंतर काही साइट उघडत आणि काही अर्ध्यावर लटकत. पीपीपीओई प्रत्येक फ्रेममधले ८ बाइट स्वतःसाठी घेतं, त्यामुळे १५०० चा एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार, बाइटमध्ये) १४९२ वर येतो. वाटेत कुणी ‘पाकीट मोठं आहे’ हा निरोप अडवला की मोठी पानं अडकतात. एमटीयू १४९२ किंवा त्याहून थोडा कमी ठेवला की सुटतं. दुसरी तक्रार असे ती एकाने फाइल अपलोड करायला घेतली की सगळ्यांचं ब्राउझिंग मंदावण्याची. डाउनलोडच्या पोचपावत्याही त्याच चिंचोळ्या अपलोडमधून जातात. तिथे वेग ठरवून मर्यादा घालावी लागते.

वाय-फाय राउटरने तारा गेल्या, नॅट राहिलं. जुन्या मोडेमला नवा राउटर जोडला की नॅटवर नॅट चढतं. टाळायचं असेल तर नव्याचा डीएचसीपी बंद करून त्याला त्याच जाळ्यातला वेगळा पत्ता द्यावा आणि जोडणी लॅन पोर्टमधूनच करावी.

३ फेब्रुवारी २०११ रोजी जगभरच्या पत्त्यांचं वाटप पाहणाऱ्या आयएएनए या संस्थेकडचा मोकळ्या पत्त्यांचा साठा संपला. मग इंटरनेट देणाऱ्या कंपन्यांनी तीच युक्ती स्वतःकडे वापरली: अनेक घरांमागे एक सार्वजनिक पत्ता. राउटरच्या वॅनवर १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर तुम्ही अशाच सामायिक नॅटमागे आहात. मग घरच्या राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली मागणी ठरलेल्या यंत्राकडे पाठवणं) कितीही केलं तरी बाहेरून घरचा कॅमेरा थेट दिसणार नाही. कंपनीकडून स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा स्वतःचा सार्वजनिक पत्ता, घ्यावा लागेल किंवा कॅमेऱ्यासकट सगळं आयपीव्ही६ वर (भरपूर पत्ते असलेली आयपीची सहावी आवृत्ती) न्यावं लागेल.