परळची गल्ली आणि कार-टी पेशी: मुंबईतल्या वैद्यकीय संशोधनाची पार्श्वभूमी

ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियामकाने ‘नेक्सकार१९’ या उपचाराला परवानगी दिली. भारतात विकसित झालेली ही पहिली कार-टी सेल थेरपी, म्हणजे रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशींत बदल करून त्यांना कर्करोगाशी लढायला लावणारा उपचार. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईच्या आयआयटी मुंबईत तिचं लोकार्पण झालं आणि पवईचं नाव सगळीकडे झळकलं. ते रास्तच होतं. पण या उपचाराची मुळं शोधायची तर पवईहून परळला यावं लागतं. गेली सव्वाशे वर्षं मुंबईत वैद्यकातलं नवं काम बहुतेक वेळा सार्वजनिक रुग्णालयाच्या गर्दीला लागून असलेल्या प्रयोगशाळांत झालं आहे. त्यातलं बरंचसं परळच्या अशा टापूत झालं की हाफकिन संस्था, केईएम रुग्णालय, टाटा कर्करोग रुग्णालय अशी चक्कर पायी मारता येते.

सुरुवात मात्र भायखळ्याची. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचा रुग्ण ओळखला. (मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे. रोज हजारो माणसं त्याच्या पायाशी सिग्नलला थांबतात, त्यातल्या फार थोड्यांना तो कुणाचा हे ठाऊक असेल.) शहरात घबराट पसरली, माणसं गाड्या भरभरून गावाकडे पळाली. रुग्णांना जबरदस्तीने उचलून नेतात म्हणून गिरणी कामगारांनी ऑर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर हल्ला केला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये जंतुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन मुंबईत दाखल झाले. मूळचे ओदेसाचे, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तयार झालेले आणि १८९३ पासून भारतात कॉलऱ्याची लस टोचत फिरणारे. त्यांना भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि व्हरांडा मिळाला. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई.

त्या खोलीत काय चाललं होतं ते जरा जवळून बघण्यासारखं आहे. प्लेगचे जंतू वाढवायला मांसाचा रस्सा लागतो. गोमांस किंवा डुकराचं मांस वापरलं तर इथे कुणीच लस टोचून घेणार नाही, म्हणून हाफकिननी बकऱ्याचं मांस घेतलं. रश्शावर ते तुपाचे थेंब सोडत. तुपाच्या तवंगाच्या खालच्या बाजूला जंतू धरत आणि तिथून झुंबरासारखे खाली लोंबत वाढत. बाटली हलवली की ते तळाला जात आणि वर पुन्हा नवे धरत. पाच-सहा आठवड्यांनी सगळं तापवून जंतू मारायचे, थोडं कार्बोलिक अॅसिड घालायचं, की लस तयार. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा तिथल्या कैद्यांवर तिची पहिली मोठी चाचणी झाली. निम्म्यांना लस, निम्म्यांना नाही आणि मग कुणाला लागण होते ते पाहायचं. लस लागू पडली. कैद्याची ‘संमती’ म्हणजे कितपत संमती, हा प्रश्न आजची कुठलीही नैतिकता समिती पहिल्यांदा विचारेल. त्या काळी तो विचारला गेला नाही आणि या यशाची गोष्ट सांगताना तेही सांगायला हवं.

१८९९ मध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. गव्हर्नरांचा बंगला लस बनवायला मिळाला. तीन वर्षांनी पंजाबातल्या मुलकोवाल गावात एकाच बाटलीतून लस दिलेली १९ माणसं धनुर्वाताने दगावली आणि ठपका हाफकिन यांच्यावर आला. दोष प्रयोगशाळेचा नव्हता, बाटली गावात उघडताना दूषित झाली होती, हे मान्य व्हायला १९०७ साल उजाडलं. त्यांची कारकीर्द तोवर मोडली होती. १९२५ मध्ये संस्थेला त्यांचं नाव मिळालं.

त्याच सुमारास शेजारी सेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज आणि केईएम रुग्णालय उभं राहिलं. देणगीदारांची अट होती की इथले डॉक्टर भारतीयच असतील. इंडियन मेडिकल सर्व्हिस या सरकारी वैद्यकीय सेवेतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली काम करण्यात हयात घालवलेल्या पिढीसाठी ही अट फार मोठी होती. संशोधन करायला भारतीय डॉक्टरला आपली म्हणता येईल अशी जागा मिळाली आणि समोर पालिकेच्या रुग्णालयातली न संपणारी रांग होती.

त्या रांगेतूनच १९५२ मध्ये ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ सापडला. जखमी पेशंटला रक्त द्यायचं होतं. तपासणीत त्याचा गट ‘ओ’ दिसत होता, पण कुठल्याही ‘ओ’ रक्ताशी त्याचं रक्त जुळेना. अशा वेळी चाचणीत चूक झाली असं म्हणून पुढे जाणं सोपं असतं. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते केलं नाही. नमुने लंडनला रेस आणि सँगर या रक्तगटतज्ज्ञांकडे गेले आणि ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निबंध आला. ए आणि बी हे प्रतिजन (रक्तगट ठरवणाऱ्या, पेशीवरच्या खुणा) ज्या पायावर उभे राहतात, तो ‘एच’ नावाचा पायाच या माणसांच्या लाल पेशींवर नसतो. ‘ओ’ गटाच्या रक्तात तो भरपूर असतो, म्हणून त्यांचं शरीर ‘ओ’ रक्तही परकं मानतं. भारतात साधारण दहा हजारांत एकाला हा गट असतो आणि त्याला रक्त फक्त त्याच गटाच्या माणसाचं चालतं. भेंड्यांचे सहकारी डॉ. एच. एम. भाटिया यांनी पुढे रक्तगटांचं जे काम वाढवलं, त्यातून केईएमच्या आवारात रक्तविज्ञानाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. आज एखाद्या रक्तपेढीतून ‘बॉम्बे ग्रुपचा दाता हवा’ असा निरोप फिरतो, त्यामागे हे सगळं आहे.

केईएमनेच १६ फेब्रुवारी १९६८ रोजी डॉ. पी. के. सेन यांच्या हातून हृदयप्रत्यारोपण केलं. केपटाऊनमध्ये जगातलं पहिलं होऊन तीन महिनेही झाले नव्हते. रुग्ण काही तासच जगला. मेंदू मृत झाल्यावर माणूस मृत मानायचा की नाही, याबद्दल भारतात तेव्हा कायदाच नव्हता. तो आला १९९४ मध्ये आणि देशातलं पहिलं यशस्वी हृदयप्रत्यारोपण त्याच वर्षी दिल्लीच्या एम्समध्ये झालं. सर्जनच्या हाताला जमलेली गोष्ट कायद्याअभावी २६ वर्षं खोळंबून राहिली.

६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएममध्ये हर्षाचा जन्म झाला. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनी मिळून ते शक्य केलं. देशातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून तिचं नाव लागलं. पण मला या गोष्टीचा पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी १९७८ मध्येच हे साधलं होतं. त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही, सरकारी चौकशीत त्यांची अवहेलना झाली आणि १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. त्यांची टिपणं आनंद कुमार यांनी पुढे वाचली आणि १९९७ मध्ये जाहीर लिहिलं की पहिलेपणाचा मान मुखोपाध्यायांचा आहे. स्वतःच्या नावावर जमा झालेलं श्रेय कागदपत्रं तपासून दुसऱ्याला परत देणारा शास्त्रज्ञ विरळाच.

आता टाटा. लेडी मेहरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. सर दोराबजींच्या ट्रस्टने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला कर्करोगाचं रुग्णालय उघडलं. तिथल्या प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. व्ही. आर. खानोलकर यांनी तोंडाचा कर्करोग आणि तंबाखू यांचा संबंध लावून धरला. १९६२ मध्ये रुग्णालय अणुऊर्जा खात्याकडे गेलं. कर्करोगाचं हॉस्पिटल अणुऊर्जेकडे कशाला, असं आजही लोक विचारतात. रेडिएशनचं ज्ञान त्या खात्याकडे होतं, हे एक कारण. परिणाम त्याहून मोठा झाला: उपचार आणि संशोधन दोन्हींना एकाच घरातून पैसा मिळू लागला.

डॉ. सुरेश अडवाणी इथलेच. लहानपणी पोलिओ झालेला, व्हीलचेअरवर वावरणारा हा माणूस अमेरिकेत सिअॅटलला डोनल थॉमस यांच्याकडे बोन मॅरो (अस्थिमज्जा) प्रत्यारोपण शिकून आला. १९८३ मध्ये रक्ताचा कर्करोग झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीवर त्यांनी भारतातलं पहिलं बोन मॅरो प्रत्यारोपण टाटामध्ये केलं. कार-टीची वाट खरं तर इथून जाते. या प्रत्यारोपणांमधूनच जगभरच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की दात्याच्या टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, उरलेला कर्करोग शोधून मारतात. मग दाता कशाला, रुग्णाच्याच टी-पेशींना हे शिकवता येईल का, असा पुढचा प्रश्न निघाला. शिवाय पेशी काढणं, गोठवणं, परत चढवणं आणि प्रतिकारशक्ती तळाला गेलेल्या रुग्णाला आठवडेच्या आठवडे सांभाळणं हे सगळं जाणणाऱ्या नर्स, तंत्रज्ञ आणि डॉक्टरांचा संच इथे चार दशकांत तयार झाला. नवा उपचार कागदावर कितीही उत्तम असला तरी या माणसांविना तो वॉर्डात पोचत नाही.

मधे एक अगदी वेगळा प्रयोग झाला आणि त्याला विसरून चालणार नाही. १९९८ पासून टाटाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या चमूने मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाचणी राबवली. दीड लाख महिला, वयं ३५ ते ६४. या कर्करोगाच्या नेहमीच्या तपासणीसाठी, पॅप टेस्टसाठी, लागणारी लॅब तिथे नव्हती. म्हणून वस्तीतल्याच मुलींना महिनाभर शिकवलं: पातळ अॅसेटिक अॅसिड, म्हणजे साध्या व्हिनेगरमधलं द्रव्य, गर्भाशयमुखावर लावायचं, मिनिटभर थांबायचं, चांगल्या उजेडात पाहायचं. बिघडलेला भाग पांढुरका दिसतो. २०१३ मध्ये निकाल जाहीर झाला, तेव्हा तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले होते. तुलनेच्या गटातल्या बायकांना फक्त माहिती मिळाली, तपासणी नाही, यावर कडक टीका झाली आणि ती टीका मला पटते. तरीही एका चिमट्यात धरलेल्या बोळ्याने जीव वाचतात हे इतक्या मोठ्या संख्येवर इथे सिद्ध झालं, हेही खरंच आहे.

कार-टी परदेशात आकाराला आली. २०१२ मध्ये अमेरिकेत एमिली व्हाइटहेड या लहान मुलीला ती दिली गेली आणि ऑगस्ट २०१७ मध्ये तिथल्या नियामकाने पहिला असा उपचार मान्य केला. किंमत ४ लाख ७५ हजार डॉलर, म्हणजे तेव्हाचे तीन कोटी रुपये. भारतातल्या रुग्णाला ते औषध असून नसल्यासारखंच होतं. आयआयटीत प्रा. राहुल पुरवार यांचा गट तेव्हा स्वतःची रचना घडवत होता. टाटाच्या खारघर केंद्रात, अॅक्ट्रेकमध्ये, डॉ. गौरव नरुला, डॉ. हसमुख जैन आणि त्यांचे सहकारी रुग्णांच्या बाजूने तयारी करत होते. ४ जून २०२१ रोजी तिथे देशातली पहिली कार-टी दिली गेली.

काम चालतं ते असं. रुग्णाचं रक्त यंत्रातून फिरवून टी-पेशी वेगळ्या काढतात. लॅबमध्ये एका निकामी केलेल्या विषाणूच्या मदतीने त्यांच्यात नवं जनुक घालतात. त्यामुळे पेशीवर एक ग्राहक (रिसेप्टर) उगवतो, तो बी-पेशींवरचं ‘सीडी१९’ हे प्रथिन ओळखतो; या कर्करोगांत बिघडलेल्या असतात त्या याच बी-पेशी. पेशी वाढवतात, तपासतात, गोठवतात. रुग्णाला दोन-तीन दिवस हलकी केमो देऊन नव्या पेशींसाठी शरीरात जागा मोकळी करतात आणि एका छोट्या पिशवीतून त्या परत चढवतात. खरी परीक्षा नंतर असते. ताप चढतो, रक्तदाब घसरतो, कधी भान हरपतं. म्हणून वॉर्ड सज्ज लागतो. पुन्हा उलटलेल्या काही लिम्फोमा आणि ल्युकेमियांसाठी (लसिका ग्रंथींच्या आणि रक्ताच्या कर्करोगांसाठी) हा उपचार आहे, सगळ्या कर्करोगांसाठी नाही. ‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’त २०२५ मध्ये आलेल्या निकालांनुसार सुमारे ७३ टक्के रुग्णांमध्ये आजाराने प्रतिसाद दिला. त्यातला प्रत्येकजण कायमचा बरा झाला असा त्याचा अर्थ नव्हे. नातेवाईकांना हा फरक नीट समजावून सांगणं डॉक्टरांचं कर्तव्य आहे.

जनुक पेशीत नेणाऱ्या विषाणूपासून सगळं इथेच बनवल्यामुळे किंमत साधारण ४० लाखांवर आली. अमेरिकेच्या मानाने ही मोठीच मजल. पण टाटाच्या ओपीडीत केसपेपर हातात घेऊन बसलेला माणूस मराठवाड्यातून, बिहारमधून, बंगालमधून आलेला असतो. तो दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळते का ते बघतो, नाही मिळाली तर फुटपाथवर पथारी टाकतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं कवच महाराष्ट्रातल्या कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं आहे. ते पूर्ण मिळालं तरी उरलेले ३५ लाख ट्रस्ट, देणग्या आणि विकलेली जमीन यांतून उभे करायचे. प्लेगची लस सरकारने स्वतः बनवली आणि लोकांना टोचली. इथे आयआयटी आणि टाटा या दोन्ही संस्था सार्वजनिक पैशावर चालतात, तेव्हा राज्य आणि केंद्र सरकारने या उपचारासाठी वेगळा निधी ठेवावा आणि कुणाला तो आधी मिळेल याचे निकष जाहीर करावेत, ही मागणी आता लावून धरायला हवी.