चिनी गोष्टींची चित्रं: दगडी भिंतीपासून तळहाताएवढ्या पुस्तकापर्यंत

चीनमध्ये जुने किस्से चित्रातून सांगायची सवय किती जुनी आहे हे बघायचं असेल तर शानतोंग प्रांतातलं वू लियांगचं स्मारक बघावं, इ.स. 151 मधलं आहे, दगडावर कोरलेलं. त्यात जिंग केची गोष्ट आहे. हा इ.स.पू. 227 मध्ये छिन नावाच्या राज्याच्या राजाला मारायला गेला होता (हाच राजा पुढे चीनचा पहिला सम्राट झाला), नकाशाच्या गुंडाळीत खंजीर लपवून नेला आणि ऐनवेळी नेम चुकला. कोरणाऱ्याने मधोमध खांब दाखवलाय, त्यात आरपार घुसलेला खंजीर, एकीकडे जीव घेऊन पळणारा राजा, दुसरीकडे जिंग केला मागून घट्ट धरलेला माणूस, आणि खाली जमिनीवर पेटी, तिच्यात राजाला हव्या असलेल्या फितूर सेनापतीचं मुंडकं, जे दाखवून दरबारात प्रवेश मिळवला होता. आधी काय झालं ते पेटी सांगते, पुढे काय होणार ते खांबातला खंजीर सांगतो. मला तर वाटतं चित्रकथेचं सगळं मर्म याच्यात आलं, नेमका कुठला क्षण पकडायचा ते.

नंतर बौद्ध धर्माबरोबर जातककथा तिकडे गेल्या, त्याच जातककथा ज्या आपल्या अजिंठ्याच्या भिंतींवर आहेत. वायव्य चीनमधल्या तुनह्वांगच्या 257 नंबरच्या लेण्यात हरणाच्या राजाची गोष्ट लांबट पट्टीसारखी रंगवलीय, आणि ती दोन्ही टोकांकडून सुरू होऊन मध्ये येऊन मिळते, जिथे हरीण माणसांच्या राजासमोर उभं राहतं!

मग छपाई आली. युआन काळात, म्हणजे मंगोल राजवटीत, 1321 ते 1323 दरम्यान, फूच्येन प्रांतामध्ये इतिहासकथांची पुस्तकं लाकडी ठशांनी छापली गेली, प्रत्येक पानावर वर चित्र आणि खाली मजकूर, हान साम्राज्य फुटल्यावर आपसात लढलेल्या तीन राज्यांची गोष्टही त्यात होती. ज्याला वाचता येत नाही त्यालाही नुसती वरची पट्टी बघत गोष्ट कळावी अशी ही सोय.

हीच मांडणी विसाव्या शतकात शांघायच्या 'लियानह्वानह्वा'मध्ये दिसते, म्हणजे साखळीसारखी एकामागून एक चित्रं. 1920 च्या दशकात तिकडच्या प्रकाशकांनी जुन्या कादंबऱ्या अशा छोट्या पुस्तकांत आणल्या, पोरं आणि कामगार फूटपाथवरच्या स्टॉलवर बसून भाड्याने वाचायचे. शिकलेले लोक याला हलकं समजायचे, तेव्हा 1932 मध्ये लू शुनसारख्या मोठ्या लेखकाने यांच्या बाजूने लेख लिहिला, हे फार महत्त्वाचं झालं.

1949 नंतर सरकारी प्रकाशनांनी हे काम हातात घेतलं. तीन राज्यांची कथा 60 भागांत निघाली. 1962 मध्ये चाओ होंगपन आणि छिएन श्याओताई यांनी माकडराजा आणि हाडांच्या राक्षसिणीची गोष्ट काढली, तिला पुढच्याच वर्षी राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. ती राक्षसीण आधी तरुणी होते, मग म्हातारी, मग म्हातारा, आणि माकड ज्याच्या सोबतीला असतं त्या भिक्षूला समोर साधी माणसं दिसतात पण माकडाला खरं रूप कळतं, आता हे दोन्ही एकाच चित्रात दाखवायचं म्हणजे चित्रकाराची केवढी परीक्षा! 1966 मध्ये माओची सांस्कृतिक क्रांती, म्हणजे जुनं सगळं मोडून काढायची मोहीम, सुरू झाली आणि असल्या जुन्या कथांची पुस्तकं कपाटातून गायब झाली, त्यातली बहुतेक परत छापायला लागली तोवर 1970 चं दशक संपत आलं होतं.