पट्टीच्या पोटात दडलेला सूर

सारख्या जाडीची लाकडी पट्टी ठोकली की मूळ सुरासोबत एक टोकदार उपस्वरही वाजतो. त्याची कंपनसंख्या मूळ सुराच्या सुमारे २.७६ पट असते. कुठल्याच स्वराशी तो धड जुळत नाही, म्हणून कानाला खटकतो. मॅलेट वाद्यांच्या, म्हणजे काठीने पट्ट्या ठोकून वाजवायच्या वाद्यांच्या, इतिहासात कारागिरांची खरी झुंज याच आगंतुक सुराशी झाली, असं मला वाटतं.

पट्टीचा आवाज भरदार करण्याची युक्ती फार जुनी. पश्चिम आफ्रिकेतल्या बालाफोनमध्ये प्रत्येक पट्टीखाली तिच्या सुराशी जुळणारा पोकळ भोपळा टांगतात. भोपळ्याला बारीक भोक पाडून त्यावर कोळ्याच्या अंडकोशाचा पातळ पापुद्रा चिकटवतात. त्यामुळे प्रत्येक सुरासोबत एक झणझणाट उमटतो. गुलाम करून नेलेल्या माणसांबरोबर हे ज्ञान मध्य अमेरिकेत पोहोचलं. ग्वाटेमालातल्या मारिंबा या लाकडी पट्ट्यांच्या वाद्यात भोपळ्यांच्या जागी लाकडी पेट्या आल्या, पापुद्र्याच्या जागी डुकराच्या आतड्याचं पातळ कातडं आलं, पण झणझणाट टिकला. पुढे शिकागोच्या कारखान्यांनी धातूच्या नळ्या बसवल्या आणि तो काढून टाकला. सूर स्वच्छ झाला खरा, पण वाद्याचा अर्धा स्वभावही त्याबरोबर गेला, असं मी मानतो.

त्या कारखान्यांत अग्रणी होते जॉन कॅल्हून डीगन. मूळचे क्लॅरिनेटवादक. बाजारातल्या ग्लोकेनस्पील या धातूच्या पट्ट्यांच्या वाद्याचे बेसूर स्वर त्यांना सहन होईनात. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांचं ध्वनिशास्त्र अभ्यासून १८८० च्या सुमारास ते स्वतःच पट्ट्या घडवायला बसले.

पट्टी सुरात आणण्याचं काम पाहण्यासारखं असतं. पट्टी उलटी करून मधल्या भागातून थोडं थोडं लाकूड काढत कमान कोरायची. मधलं लाकूड गेलं की मूळ सूर झपाट्याने उतरतो, उपस्वर मात्र त्यामानाने कमी उतरतो. दोन्हींतलं अंतर वाढत वाढत मारिंब्यात चौपट, म्हणजे नेमकं दोन सप्तकं होतं. झायलोफोन या दुसऱ्या लाकडी पट्ट्यांच्या वाद्यात ते तिपटीवर थांबवतात, त्यामुळे त्याचा आवाज अधिक टणक आणि चमकदार येतो. हात जास्त चालून सूर खाली गेला, तर टोकं घासून तो थोडा वर आणता येतो. पट्टी दोरीत ओवण्याची भोकंही कुठेही पाडून चालत नाहीत. दोन्ही टोकांपासून लांबीच्या सुमारे २२ टक्क्यांवर मूळ कंपन जवळजवळ शून्य असतं. ती तिथेच हवीत.

धातूच्या पट्ट्यांचा व्हायब्राफोन दोन कारखान्यांच्या चढाओढीतून घडला. इंडियानापोलिसच्या लीडी कंपनीत हर्मन विंटरहॉफ यांनी नळ्यांच्या तोंडाशी मोटरवर फिरणाऱ्या चकत्या बसवल्या आणि सूर थरथरू लागला. पट्ट्या पोलादी होत्या. सूर लांबत राही, पण थांबवायची सोय नव्हती. १९२७ मध्ये डीगन यांच्या कारखान्यातल्या हेन्री श्लूटर यांनी ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि आवाज दाबणारं पेडल दिलं. आजही व्हायब्राफोनचा साचा तोच आहे.

नंतर ओढ लागली खर्जाची. जपानी वादक केइको आबे यांच्या सहकार्याने यामाहाने मारिंबा पाच सप्तकांपर्यंत नेला. त्याच्या सर्वांत खालच्या सुराला, ६५ हर्ट्झला, साध्या नळीची लांबी सव्वा मीटरहून जास्त लागते. पट्टी आणि जमीन यांच्यामध्ये एवढी जागाच नसते, म्हणून काही कारागीर ती नळी खालून वळवून पुन्हा वर आणतात.