नितळ पाण्यालाही तुरटी का लागते?

दिवाळीनंतर धरणाचं पाणी निवळतं. गढूळपणा ५ एनटीयूच्या (गढूळपणा मोजण्याचं एकक) खाली आला की काही जलशुद्धीकरण केंद्रांवर तुरटी बंद करण्याचा मोह होतो. खरं तर नितळ पाणी शुद्ध करणं गढूळ पाण्याहून अवघड.

पाण्यातल्या सूक्ष्म कणांवर ऋण भार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर ठेवतात. तुरटी तो भार मारते. मग कण एकमेकांवर आदळून त्यांचे गोळे होतात. पावसाळ्यात कणांची दाटी असते, टकरी भरपूर. हिवाळ्यात कण विरळ, गोळे बारीक आणि हलके; निवळण टाकीत ते बसतच नाहीत. तुरटी बंद केली तर फिल्टरही हतबल होतो. अर्ध्या मिलिमीटरच्या वाळूतली फट जंतूपेक्षा कितीतरी मोठी असते. वाळू ही चाळणी नव्हे. कण तिला चिकटावा लागतो, आणि भार मारल्याशिवाय तो नीट चिकटत नाही.

अमेरिकेत मिलवॉकी शहरात १९९३ साली क्रिप्टोस्पोरिडियम या जंतूमुळे सुमारे ४ लाख लोक आजारी पडले. त्या वेळी एका केंद्रातल्या फिल्टर झालेल्या पाण्याचा गढूळपणा १.७ एनटीयूपर्यंतच चढला होता. डोळ्यांना ते नितळच दिसलं असतं. हा जंतू क्लोरीनलाही दाद देत नाही.

पाणी सतत नितळ असेल तर मोठे गोळे बनवण्याचा हट्ट सोडावा. लिटरला ५ ते १० मिलिग्रॅम तुरटी जोरात मिसळून, थोडा वेळ हळू ढवळून पाणी थेट फिल्टरवर घ्यावं. गोळा टाचणीच्या टोकाएवढा पुरे. निवळण टाकी वापरायचीच असेल, तर तळातला थोडा गाळ परत कच्च्या पाण्यात सोडावा, म्हणजे टकरींना कण मिळतात. नुसती तुरटी वाढवणं महागात पडतं: १ मिलिग्रॅम तुरटी सुमारे अर्धा मिलिग्रॅम क्षारता, म्हणजे पाण्याची आम्ल पेलण्याची ताकद, खाते. कोकणातल्या मऊ, कमी क्षारतेच्या पाण्यात सामू (पीएच) लगेच घसरतो, मग चुना आलाच.

मात्रा जारटेस्टने, म्हणजे वेगवेगळ्या भांड्यांत वेगवेगळी तुरटी टाकून, ठरवावी. १० ग्रॅम तुरटी १ लिटर पाण्यात विरघळवली, की त्यातला १ मिलिलिटर म्हणजे लिटरभर नमुन्यात १० मिलिग्रॅम. मिनिटभर मिनिटाला १०० फेऱ्यांच्या वेगाने, मग १५ मिनिटं ३० ते ४० फेऱ्यांच्या वेगाने ढवळावं. फिल्टर थेट वापरायचा असेल तर कोणत्या जारमध्ये गाळ छान बसला हे पाहू नये. प्रत्येक नमुना गाळणकागदातून गाळून गढूळपणा मोजावा.

बॅकवॉशनंतरचं, म्हणजे उलट्या प्रवाहाने फिल्टर धुतल्यानंतरचं, पहिल्या १५ ते ३० मिनिटांचं पाणी सोडून द्यावं. धुतलेल्या वाळूची पकड तेवढा वेळ ढिली असते.