आधार नाही म्हणून तपासणी अडली? वेश्याव्यवसायातील महिलांसाठी गुप्तरोग व हिपॅटायटिस तपासणीची माहिती

बुधवार पेठ, कामाठीपुरा, नागपूरची गंगाजमुना, कुठल्याही वस्तीत विचारा. दवाखान्यातून परत आलेली बाई बहुतेक वेळा एकच कारण सांगते: "आधार आणा म्हणाले."

सरकारी रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये गुप्तरोगांची तपासणी आणि औषधे मोफत आहेत. तिथे धंद्याचा पुरावा किंवा लग्नाचा दाखला लागत नाही. केसपेपर काढा आणि खोली विचारा. खिडकीवर चारचौघांत "काय होतंय?" असे विचारले, तर "सुरक्षा क्लिनिकला जायचंय" एवढेच उत्तर पुरे. एचआयव्हीची चाचणी तुमच्या संमतीशिवाय करता येत नाही आणि तिचा निकाल गुप्त ठेवावा लागतो. हा 2017 चा कायदा आहे, दवाखान्याचे उपकार नव्हेत.

अंगावर पांढरे जात नाही, जखम नाही, म्हणजे आजार नाही असे समजू नका. बाईच्या शरीरात गनोरिया, क्लॅमिडिया पुष्कळदा काहीही त्रास न देता राहतात. म्हणून दर तीन महिन्यांनी तपासणी करून घ्या, आणि सिफिलिस व एचआयव्हीसाठी दर सहा महिन्यांनी रक्त द्या.

आता आधारचे. रहिवासी पुरावा आणायचा कुठून? खोली घरवालीच्या (कोठा चालवणाऱ्या बाईच्या) नावावर, भाडेकरार नाही, रेशनकार्ड गावी भावाकडे. सर्वोच्च न्यायालयाने 19 मे 2022 रोजी याचा रस्ता मोकळा केला. राज्य एड्स नियंत्रण संस्थेचे प्रकल्प संचालक किंवा नॅकोचे (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचे) राजपत्रित अधिकारी ठरलेल्या नमुन्यात प्रमाणपत्र देतात आणि त्यावर आधार निघते, वेगळा रहिवासी पुरावा लागत नाही. आधारवर धंद्याची कसलीही खूण येत नाही, ही भीती मनातून काढा. प्रमाणपत्रासाठी वस्तीत काम करणाऱ्या संस्थेच्या ताईंना गाठा. आधार केंद्रावरच्या माणसाला हा नमुना माहीत नसणे नेहमीचेच आहे. त्याने नकार दिला तर वाद न घालता ताईंना सोबत घेऊन पुन्हा जा. नवीन आधारची नोंदणी मोफत असते, कुणी पैसे मागितले तर देऊ नका. आणि आधार हातात येईपर्यंत तपासणी लांबवू नका.

हिपॅटायटिस बी आणि सी या यकृताच्या दोन्ही आजारांची तपासणी व उपचार 28 जुलै 2018 पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत आहेत. बी संबंधांतून सहज पसरतो. सी मुख्यतः रक्तातून पसरतो, म्हणजे दुसऱ्याची वापरलेली सुई किंवा गोंदवण्याची अस्वच्छ सुई. 'सी'ची पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली की बाया घाबरून गावी निघून जातात. थांबा! ती चाचणी फक्त कधीतरी लागण झाली होती एवढेच सांगते. आजार आत्ता आहे का, हे व्हायरल लोडवरून, म्हणजे रक्तातल्या विषाणूंच्या प्रमाणावरून, कळते. असलाच तर साधारण 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेक जणी बऱ्या होतात. मधेच गोळ्या सोडू नका.

'बी'ची चाचणी निगेटिव्ह आली आणि पूर्वी लस घेतली नसेल, तर तीन डोस घ्या. मोठ्यांची लस प्रत्येक सरकारी दवाखान्यात असतेच असे नाही, जाण्याआधी विचारा. दुसरा डोस पहिल्यानंतर एक महिन्याने घ्यायचा आणि तिसरा सहा महिन्यांनी, तेही पहिल्या डोसपासून मोजून. इथेच तारखा चुकतात. उशीर झालाच तर राहिलेला डोस घ्यायचा, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. कुणी तसे सांगून परत पाठवले, तर डॉक्टरांशीच बोला.

सी बरा झाल्यावर पुन्हा होऊ शकतो, त्याला लस नाही. उपचार संपल्यावर 12 आठवड्यांनी व्हायरल लोड पुन्हा तपासून घ्या. जवळचे एचआयव्ही तपासणी केंद्र माहीत नसेल तर 1097 वर विचारा, फोन मोफत आहे.